गोठले ते वेगळेच पाणी : लातूरच्या एका जीपमधील हायड्रोजन किटचे हिवाळी प्रकरण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेआठच्या सुमारास मला श्रीनगरहून फोन आला. बोलणारे गृहस्थ लातूरचे, प्रवासी जीपचे मालक आणि स्वतःच चालक. गाडीच्या विजेच्या कामासाठी अधूनमधून माझ्याकडे येणारे. "सर, किटमधी बर्फ झालाय अन् पाइप फाटकन उडाला. इंजिन चालू हाय, पर आता हात लावायला भ्या वाटायलंय," एवढे सांगून ते थांबले. मी त्यांना आधी इंजिन बंद करायला, मग किटचा फ्यूज काढून खिशात ठेवायला आणि बॉनेटजवळ कोणालाही विडी-सिगारेट पेटवू न द्यायला सांगितले. त्या फोनपासून सुरू झालेली तपासणी पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालली. तिची ही नोंद आहे.

मराठवाड्यात बसून गोठण्यावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. परभणीसारख्या ठिकाणी काही हिवाळ्यांत पारा पाच अंश सेल्सिअसच्या खाली जातो, हरभऱ्यावर दव साठते, शेकोट्या पेटतात. परंतु तेवढ्याने गाडीतल्या बाटलीतले पाणी गोठत नाही, आणि म्हणून आपल्याकडचा कोणताही मेकॅनिक किट बसवताना त्या शक्यतेचा विचार करत नाही. मात्र तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ बुटीबोरीला ४४ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो आणि तो महामार्ग थेट श्रीनगरला नेतो. लातुरात भरलेले द्रावण काही दिवसांत काश्मीरच्या थंडीत पोहोचते, तेही ‘चिल्लई कलां’मध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस दिवसांत, जेव्हा श्रीनगरची रात्र उणे पाच-सहा अंशांवर उतरणे ही नित्याची बाब असते.

गाडी आणि किट

जीप जुन्या बनावटीची, डिझेलवर चालणारी, इंजिनावर फारसे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेली. दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका गॅरेजमध्ये मालकांनी ॲव्हरेज वाढावे म्हणून तिच्यावर हायड्रोजन किट बसवून घेतले होते. या किटला बाजारात ‘एचएचओ किट’ किंवा नुसते ‘पाण्याचे किट’ म्हणतात. सुमारे दोन लिटरची प्लास्टिक टाकी, तिच्याखाली स्टेनलेस स्टीलच्या सात पत्र्यांचा सेल, पुढे एक बबलर, आणि तिथून एअर फिल्टरनंतरच्या हवेच्या नळीत जाणारा रबरी पाइप, अशी त्याची रचना होती. सात पत्र्यांमध्ये सहा कप्पे तयार होतात आणि गाडीचे १३.८ व्होल्ट त्यांच्यात वाटले गेले की प्रत्येक कप्प्याला साधारण २.३ व्होल्ट मिळतात. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण तयार होते, ते बबलरमधल्या पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने जाते आणि इंजिन ते हवेबरोबर ओढून घेते. बबलर शोभेचा नाही. इंजिनाकडून ज्वाला उलटी आली तर तिने बबलरच्या पाण्यापाशी विझावे आणि टाकीतल्या वायूपर्यंत पोहोचू नये, एवढ्यासाठीच तो असतो.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, विरघळवतात. विघटन पाण्याचे होते. पोटॅश खर्ची पडत नाही. तो किती घालायचा हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न ठरला. द्रावण जितके दाट (अर्थात एका मर्यादेपर्यंत) आणि जितके गरम, तितका ते जास्त प्रवाह ओढते. लातूरच्या मे महिन्यात बाहेरच ४० अंशांच्या वर तापमान असते आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक. अशा उष्णतेत दाट द्रावण अधिक प्रवाह ओढते, त्याने आणखी तापते आणि तापल्याने पुन्हा अधिक ओढते. या चक्रात फ्यूज जातो किंवा टाकी मऊ पडते. किट बसवणाऱ्याने प्रवाह आवरणारे नियंत्रक बसवले नव्हते. त्याने सोपा मार्ग धरला आणि द्रावणच पातळ ठेवले. त्या उन्हाळ्यापुरता तो मार्ग चुकीचा नव्हता. गाडी परतल्यावर मी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारे साधन, लावला तेव्हा घनता १.०३ च्या आसपास निघाली, म्हणजे पोटॅश जेमतेम तीन-चार टक्के. असे द्रावण शून्याखाली दोन-तीन अंशांवरच गोठायला लागते.

त्या सकाळी काय घडले

जीप रात्रभर एका गेस्टहाउसच्या उघड्या अंगणात उभी होती. सकाळी हीटर प्लग दोनदा तापवल्यावर इंजिन सुरू झाले. आदल्या दिवशीही ते जड गेले होते, त्यामुळे डिझेलमधले मेण घट्ट होते आहे असा मालकांचा समज होता. तो वाजवी होता, कारण दक्षिणेत भरलेले साधे डिझेल तशा थंडीत घट्ट होऊ शकते, आणि लडाखसाठी तर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे हिवाळी डिझेल आणले. परंतु डिझेल त्या दिवशी निर्दोष होते. किटचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, इंजिन चालू होताच आपोआप जोडला जात असे. मालक गाडी तापण्याची वाट पाहत उभे होते. दहा-बारा मिनिटांनी बॉनेटखालून ‘फट्’ असा आवाज आला, टाकीवरचा पाइप निसटला आणि अल्कली द्रावणाचे शिंतोडे बॉनेटच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या झाकणावर आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागांवर उडाले. सुदैवाने त्या क्षणी बॉनेट बंद होते आणि कोणीही वाकून पाहत नव्हते.

फोनवर मला हे सगळे कळायला वेळ लागला. तेवढ्यात गेस्टहाउसच्या माणसाने आपुलकीने कांगडी आणली होती. काश्मीरमध्ये हिवाळ्यात लोक फिरनखाली, म्हणजे लांब सैल झग्याखाली, धरतात ती निखाऱ्यांची टोपली म्हणजे कांगडी. ती टाकीखाली ठेवून बर्फ वितळवावा असा विचार चालला होता. मी तो ठामपणे थांबवला. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असला तरी पेट घेऊ शकतो, आणि किटमधल्या मिश्रणात तर ऑक्सिजन आधीच योग्य प्रमाणात मिसळलेला असतो. त्याला ठिणगी लागली तर बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही. टाकीजवळ निखारा, मेणबत्ती, स्टोव्ह असे काहीही नेऊ नये. उकळते पाणी ओतल्यास थंड प्लास्टिक तडकते, तेव्हा तेही नको. उडालेले द्रावण कोमट पाण्याने भरपूर धुवून काढायला सांगितले, बॅटरीची बुचे घट्ट आहेत हे आधी पाहून, कारण अल्कली बॅटरीत गेली तर आतले आम्ल वाया जाते. किट बंद ठेवूनच पुढचा प्रवास करायला सांगितले. जीप त्यानंतर आठवडाभर किटशिवाय फिरली आणि विनातक्रार लातूरला परतली.

पहिला निष्कर्ष आणि त्यातली उणीव

परतल्यावर मालकांसकट सगळ्यांचा निष्कर्ष एकच होता की टाकीतले द्रावण गोठले आणि म्हणून पाइप उडाला. हे मला पटेना. द्रावण गोठले असते तर सेलने वायू तयारच केला नसता, आणि वायू नाही तर दाब कुठून येणार? शिवाय टाकीला तडा नव्हता. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते; भरलेल्या कठीण भांड्यात ते घट्ट गोठले तर भांडे सहसा अभंग राहत नाही.

पातळ द्रावण गोठते कसे हे इथे नीट समजून घ्यावे लागते. त्यातून आधी बाहेर पडतो तो जवळपास शुद्ध पाण्याचा बर्फ. पोटॅश उरलेल्या द्रवात राहतो, त्यामुळे तो द्रव दाट होत जातो आणि आणखी खालच्या तापमानापर्यंत पातळ राहतो. म्हणून उणे पाच-सहा अंशांना तीन टक्क्यांचे द्रावण दगडासारखे होत नाही, त्याचा बर्फाच्या चुऱ्यासारखा लगदा होतो. मालकांनी पाहिला तो हा लगदा. सेल आणि टाकी या जीपमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला होती. इंजिन सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांत तिकडे ऊब पोहोचली, लगदा सैल झाला आणि सेल प्रवाह ओढू लागला.

बबलर मात्र पुढे, जाळीमागे, थंड वाऱ्याच्या तोंडावर बसवलेला होता, आणि त्यात पोटॅश नव्हता. त्यात साधे पाणी होते.

गाडी उघडल्यावर पुरावा समोरच होता. ॲक्रिलिकच्या बबलरच्या बुडाला केसासारखी तडा गेली होती, आणि वायू ज्या नळीतून पाण्याखाली शिरतो तिचे तोंड नेमके बुडाशीच होते. रात्री तिथे बर्फाचे बूच बसले. सेल वितळला, बबलर वितळला नाही. त्या किटचा नेहमीचा प्रवाह आठ अँपिअरच्या आसपास होता. एक अँपिअर एका कप्प्यातून तासभर वाहिला की सुमारे ०.६३ लिटर मिश्र वायू तयार होतो. म्हणजे आठ अँपिअर आणि सहा कप्पे यांचा हिशेब तासाला ३० लिटर, मिनिटाला अर्धा लिटर. टाकीत द्रावणावरची मोकळी जागा फार तर पाऊण लिटरची. वाट बंद असेल तर एकेका मिनिटात दाब हवेच्या दाबाच्या अर्ध्याहून अधिक पटीने चढत जातो. चार-पाच मिनिटांत साध्या क्लिपने धरलेला पाइप निसटणे अटळ होते, आणि मी तर म्हणेन की तो पाइप निसटला हे बरेच झाले. क्लिप आणखी घट्ट असती तर टाकी फुटली असती.

गोठलेल्या बबलरची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बर्फ अर्धवट वितळून त्यातून एखादी फट तयार झाली असती, तर वायू इंजिनाकडे गेला असता, पण उलट्या ज्वालेला अडवायला पाण्याचा थर उरला नसता. ज्या उपकरणावर सुरक्षितता टांगलेली आहे, तेच पहिल्यांदा गोठावे अशी ही मांडणी होती.

सुचवले गेलेले उपाय

मालकांना वाटेत भेटलेल्या ट्रकचालकांनी, लातूरच्या गॅरेजवाल्यांनी आणि नातेवाइकांनी निरनिराळे उपाय सुचवले होते. त्यांतला एकही मी चेष्टेवारी नेला नाही, कारण प्रत्येकामागे काहीतरी अनुभव होता. तरीही बहुतेक नाकारावे लागले.

पहिली सूचना रेडिएटरचे कूलंट टाकण्याची. त्यातले ग्लायकॉल रेडिएटरमध्ये उत्तम काम करते, पण तिथे त्यातून वीज वाहत नसते. सेलमध्ये धन पत्र्यावर त्याचे ऑक्सिडेशन होते, द्रावण तपकिरी पडते, फेस उठतो आणि तो फेस वायूबरोबर पुढे सरकतो. ग्लायकॉल विषारी आहे ही गोष्ट निराळीच. दुसरी सूचना स्पिरिटची, म्हणजे मेथनॉलची. मेथनॉल ६५ अंशांना उकळते आणि चालता सेल ५० अंशांच्या पुढे सहज जातो, म्हणजे स्पिरिटची वाफ वायूबरोबर इंजिनात जाणार आणि थोड्याच दिवसांत गोठण्यापासूनचे संरक्षणही तिच्याबरोबर उडून जाणार. खाण्याचा सोडा गोठणबिंदू जेमतेम दोन-अडीच अंशांनी खाली नेतो, कारण तो पाण्यात फारसा विरघळतच नाही. मिठाचे नावही काढू नये. त्यातून धन पत्र्यावर क्लोरीन वायू सुटतो आणि स्टेनलेस स्टीललाही तो खातो.

सर्वांत फसवी सूचना होती कॉस्टिक सोड्याची. तो पोटॅशपेक्षा स्वस्त, सहज मिळणारा, आणि ‘जास्त टाकला की गोठणार नाही’ ही समजूत त्याच्याबाबतीत सगळ्यांच्या मनात पक्की. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण सुमारे १९ टक्क्यांना सर्वांत कमी तापमानाला, उणे २८ अंशांच्या आसपास, गोठते. त्यापुढे दाटपणा वाढवला की गोठणबिंदू पुन्हा वर चढायला लागतो. ३० टक्क्यांना तो जवळपास शून्यावर येतो, आणि ४० टक्क्यांचे द्रावण तर लातूरच्या पौषातल्या रात्रीही खडे धरू शकते. त्यात किट चालताना पाणी खर्च होत राहते, म्हणजे द्रावण आपोआप दाट होते. कॉस्टिक सोडा त्यामुळे प्रवासात धोक्याच्या बाजूला सरकत जातो. पोटॅशचे उलट आहे. १० टक्क्यांना तो उणे आठच्या आसपास, २० टक्क्यांना उणे २३-२४, आणि ३० टक्क्यांना तब्बल उणे ६० च्या जवळ गोठतो. म्हणजे २० टक्क्यांपासून निघालेली गाडी पाणी खर्चत गेली तरी सुरक्षित बाजूलाच राहते. किंमत जास्त असूनही आम्ही पोटॅशच कायम ठेवला तो या एका कारणासाठी.

टाकीला थर्माकोल किंवा रग गुंडाळण्याची सूचनाही आली. घोंगडी ऊब तयार करत नाही. अंगातली ऊब टिकवते. ज्या टाकीला रात्रभर उष्णता मिळणार नाही, तिला वेष्टन घातल्याने गोठणे फक्त दोन-तीन तास पुढे ढकलले जाते. बॅटरीवर चालणारा हीटर मी नाकारला, कारण थंडीत बॅटरीच आधी अशक्त होते आणि सकाळी इंजिन सुरू करायला तिचा प्रत्येक कण लागतो. शिवाय उतरलेली बॅटरी स्वतःच गोठू शकते: पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही पातळ राहते, परंतु अगदी उतरलेल्या बॅटरीतले उणे दहाच्या आसपासच गोठते.

बर्फ आणि खडेमीठ

लातुरात उणे तापमान आणायचे कुठून, हा प्रश्न सोपा निघाला. हाताने फिरवायच्या पॉट आइस्क्रीमची युक्तीच आम्ही वापरली. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, कुटली, तीन भाग बर्फाला एक भाग खडेमीठ या हिशेबाने बादलीत कालवली आणि गोणपाटात गुंडाळली. या मिश्रणाने उणे २१ अंशांपर्यंत जाता येते. आमच्या थर्मामीटरने उणे १६ दाखवले आणि ते पुरेसे होते. झाकण घट्ट लावलेल्या लहान प्लास्टिक बाटल्या त्यात पाच तास ठेवल्या, वितळलेले पाणी काढून मधूनमधून नवा बर्फ घालत. साधे पाणी कडक झाले आणि बाटलीचे बूड फुगले. पोटॅशचे पाच टक्क्यांचे द्रावण जवळपास पूर्ण गोठले, दहा टक्क्यांचे लगदा झाले, वीस टक्क्यांचे हलवल्याबरोबर तेलासारखे सरकले. कॉस्टिक सोड्याच्या तीस टक्क्यांच्या बाटलीत पांढरे स्फटिक धरले. मालक तिथे उभे होते. ती बाटली त्यांनी दोनदा उलटी करून पाहिली, आणि सोड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

जे केले ते

वीस टक्क्यांच्या द्रावणासाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला बाजारातल्या ९० टक्के शुद्धतेच्या पापुद्र्यांचा पोटॅश साधारण २८० ग्रॅम लागतो. बोअरचे पाणी चालत नाही. आपल्याकडच्या पाण्यातला चुना पत्र्यांवर बसतो. पोटॅश विरघळताना भांडे चटका बसेल इतके तापते, म्हणून पाण्यात पोटॅश थोडा थोडा घालावा, पोटॅशवर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात हे द्रावण कधीही करू नये: अल्कली ॲल्युमिनियम खाते आणि त्यातून हायड्रोजन तिथेच सुटतो. स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे भांडे चालते. घनता मोजायला बॅटरीचाच हायड्रोमीटर उपयोगी पडला, कारण वीस टक्क्यांची घनता १.१९ आणि पंचवीस टक्क्यांची १.२४, दोन्ही त्याच्या पट्टीत बसतात. मात्र त्यासाठी नवा हायड्रोमीटर घेतला आणि त्याच्या काचेवर लाल पट्टी रंगवली, म्हणजे तो चुकून आम्लात जाणार नाही.

दाट द्रावणाने प्रवाह तीन-चार पट वाढला असता. म्हणून पीडब्ल्यूएम नियंत्रक (वीज झपाट्याने चालू-बंद करून प्रवाह आवरणारा) बसवून तो आठ अँपिअरवर बांधला आणि पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला. बबलर इंजिनाच्या उबेकडे हलवला आणि त्यातही वीस टक्क्यांचेच द्रावण अर्ध्या उंचीपर्यंत भरले. उलटे ओढले गेले तरी सेलमध्ये तेच द्रावण जाईल. अल्कलीचे तुषार इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागांपर्यंत जाऊ नयेत म्हणून बबलरनंतर एक कोरडी बाटली जोडली, तिला खाली तोटी. बबलरचे झाकण आट्यांचे होते. त्याजागी दाबाने सुटणारे रबरी बूच आले. टाकीवर प्रेशर स्विच बसवला, जो दाब थोडा जरी चढला तरी रिले तोडतो, म्हणजे किटची वीज बंद करतो. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा स्विच, कारण वाट कुठे बंद झाली हे त्याला कळण्याची गरज नसते.

पाणी भरण्याची वेळही ठरवून दिली. आठ अँपिअरवर तासाला साधारण १६ ग्रॅम पाणी खर्च होते, दहा तासांच्या प्रवासात १६०. मालकांची सवय मुक्कामी पोहोचल्यावर रात्री टाकी भरण्याची होती. पण शुद्ध पाणी दाट द्रावणापेक्षा हलके. ते वर तरंगत राहते, आणि इंजिन बंद असल्याने मिसळत नाही. मग वीस टक्क्यांच्या द्रावणावरही बर्फाची साय धरू शकते. पाणी सकाळी, निघण्यापूर्वी भरायचे. चालत्या सेलचे बुडबुडे ते मिसळतात.

एवढे करूनही मी मालकांपुढे एक हिशेब मांडला. आठ अँपिअर आणि १३.८ व्होल्ट म्हणजे ११० वॅट वीज, जी अल्टरनेटर इंजिनाकडूनच घेतो. तिच्यातून तासाला २० लिटर हायड्रोजन निघतो आणि तो जळून सुमारे ६० वॅटची उष्णता देतो. त्याच तासात जीप सहा लिटर डिझेल जाळते, म्हणजे सुमारे ६० हजार वॅट. दिलेल्यापेक्षा कमीच परत येते, आणि जे येते ते डिझेलच्या हजाराव्या भागाइतके. किट लावल्यावर ॲव्हरेज वाढले असे ते सांगत. त्याच वेळी त्यांनी एअर फिल्टर बदलला होता आणि वेगही आवरला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मर्यादा घालते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हे किट पाहणार, हेही सांगितले. "सर, एक खेप करून बघू द्या," ते म्हणाले. गाडी त्यांची होती. पुन्हा जाणारच असतील तर सुरक्षित जावेत, हे माझे काम होते.

दुसरा हिवाळा

पुढच्या जानेवारीत जीप शिमल्यापलीकडे नारकंड्याला गेली. मालक रोज सकाळी टाकी, बबलर आणि थर्मामीटर पाहून मला कळवत होते. पहाटेचा पारा उणे पाचपर्यंत गेला. दोन्ही भांडी पातळच राहिली. तिसऱ्या सकाळी मात्र प्रेशर स्विचने रिले तोडला. द्रावण स्वच्छ, बबलर मोकळा, तरी वाट बंद. कोरड्या बाटलीनंतरचा पाइप चेसिसवरून जाताना एके ठिकाणी खाली झोळीसारखा लोंबत होता आणि त्या झोळीत बर्फ होता.

हे माझ्या नजरेतून सुटले होते. सेलमधून निघणारा वायू कोरडा नसतो. चाळीस अंशांना पाण्याच्या वाफेने भरलेल्या एक घनमीटर वायूत सुमारे ५० ग्रॅम पाणी असते. तासाला ३० लिटरच्या हिशेबाने दीड ग्रॅम, आठ तासांत दहा-बारा ग्रॅम. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप तेवढ्या पाण्याने वीतभर लांबीत भरतो. गरम वायू थंड पाइपात शिरला की ते पाणी तिथे उतरते, सर्वांत खालच्या जागी साठते आणि रात्री गोठते. त्यात पोटॅश नसतो, म्हणून टाकीतले द्रावण कितीही दाट केले तरी ते गोठणारच. मालकांनी माझ्या सांगण्यावरून पाइप काढून खोलीत नेला, वितळवून झटकला आणि तो बाटलीकडे सतत उतार राहील असा बांधला, म्हणजे उतरलेले पाणी परत बाटलीत येईल. रोज मुक्कामी बाटलीची तोटी उघडून ते काढून टाकण्याचेही ठरले. त्यानंतर स्विचने पुन्हा रिले तोडला नाही.

परतल्यावर त्यांनी डिझेलच्या पावत्या आणि किलोमीटरची वही माझ्यासमोर ठेवली. मागच्या वर्षी किट बंद ठेवून केलेल्या परतीच्या प्रवासापेक्षा वेगळे असे त्यांत काही दिसले नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी किट काढायला सांगितले. हवेच्या नळीच्या छिद्राला रबरी बूच आणि वर क्लिप बसवली, रिलेची वायर तोडून टोक बंद केले. टाकीतले द्रावण पिवळसर झाले होते. स्टेनलेस स्टीलच्या धन पत्र्यातून क्रोमियम सुटते आणि अशा द्रावणात त्याचे विषारी रूप असू शकते, म्हणून ते नालीत ओतू दिले नाही. जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊ नये इतके झाकण आवळून, त्यावर ‘कॉस्टिक पोटॅश, वापरलेले, क्रोमियमयुक्त’ अशी चिठ्ठी आणि तारीख लावून ते कुलपाच्या कपाटात ठेवले आहे. न वापरलेल्या वीस टक्क्यांच्या द्रावणाची दुसरी कॅन तिच्याशेजारी आहे, तिच्यावर १.१९ हा आकडा लिहिला आहे.